पाण्यावरची गाडी आणि शेणाचा गॅस : चमत्कारिक शोधांमधून व्यवहारात टिकणारे इंधन मिळू शकते का?

दख्खनी (धागाकर्ता)

पेट्रोलचे भाव वाढले की नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहावर एक ठरावीक चित्रफीत हटकून फिरू लागते. कुठल्या तरी गावातला एक तरुण दुचाकीच्या टाकीत बाटलीभर पाणी ओततो, किक मारून गाडी सुरू करतो, आणि तेल कंपन्यांनी हा शोध दाबून ठेवला आहे असा मजकूर खाली लिहिलेला असतो. गावाचे नाव दर वेळी बदलते, तरुण बदलतो, मजकूर मात्र तोच राहतो. या चित्रफितींची टिंगल करणे सोपे आहे, परंतु माझी अडचण निराळी आहे. शेणातून निघणाऱ्या वायूवर चूल पेटते, असे दीडशे वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर तेही लोकांनी हसण्यावारीच नेले असते. आज गोबरगॅस ही अनुदानाचे अर्ज भरून मिळवण्याची अगदी रुक्ष बाब झाली आहे. म्हणजे एखादी कल्पना विचित्र वाटते, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

दुसऱ्या बाजूला रामर पिल्लई यांचे प्रकरण आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तामिळनाडूतील या गृहस्थांनी 1996 मध्ये वनस्पतींपासून पेट्रोल तयार केल्याचा दावा केला. पाण्यात पाला उकळायचा, ढवळायचा, आणि वर तरंगणारे इंधन काढून घ्यायचे, अशी ती कृती होती. वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले. मद्रासच्या आयआयटीत काटेकोर देखरेखीखाली चाचणी झाली, तेव्हा पेट्रोल पाल्यातून नव्हे, तर ढवळण्याच्या पोकळ काठीतून येत असल्याचे उघड झाले. तरीही पुढे काही वर्षे त्यांनी तथाकथित वनस्पती-पेट्रोल विकले. ते प्रत्यक्षात टोल्युईन, नाफ्था यांसारख्या रसायनांचे मिश्रण होते. सीबीआयने खटला चालवला आणि 2016 मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे की, रसायनशास्त्राची पदवी नसलेल्या माणसाने या दोन टोकांमध्ये फरक कसा करावा? आणि विचित्र म्हणून सुरू झालेल्या कोणत्या कल्पना खरोखर उपयोगात आल्या, कोणत्या अडल्या, आणि नेमक्या कशापाशी अडल्या? ज्यांचा या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कार्नो

चांगला धागा. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवत असे, त्यामुळे पहिल्या प्रश्नापुरते उत्तर देतो.

पाणी हे इंधन नाही. ती आधीच जळून गेलेल्या हायड्रोजनची राख आहे. एक किलो हायड्रोजन जळला की सुमारे नऊ लिटर पाणी तयार होते आणि साधारण 33 युनिट ऊर्जा वापरण्याजोगी मिळते. तेच पाणी पुन्हा फोडून एक किलो हायड्रोजन मिळवायचा असेल, तर सिद्धांताप्रमाणेच 39 युनिट वीज लागते आणि प्रत्यक्षातल्या यंत्रांना 50 ते 55 युनिट लागते. हा हायड्रोजन साध्या इंजिनात जाळला, तर चाकापर्यंत जेमतेम दहा युनिट पोहोचतात. म्हणजे पन्नास घालून दहा घ्यायचे. उरलेले चाळीस युनिट कोणी दाबून ठेवलेले नसतात, ते उष्णता होऊन हवेत जातात.

गाडीला बसवण्याचे ‘एचएचओ किट’ म्हणून जे विकले जाते, त्यात तर हा हिशेब आणखी उघडा पडतो. पाणी फोडायला लागणारी वीज गाडीच्या अल्टरनेटरमधून घेतात, अल्टरनेटर पट्ट्यावर फिरतो, पट्टा इंजिन फिरवते, आणि इंजिन अर्थातच पेट्रोलवर चालते. किट बसवल्यावर गाडी जास्त पळू लागली असे शपथेवर सांगणारे लोक मला भेटले आहेत आणि ते खोटे बोलतात असे मी मानत नाही. किट बसवताना मेकॅनिक प्लग साफ करतो, हवा आणि इंधनाचे प्रमाण जुळवतो, शिवाय मालकही त्यानंतर काही दिवस काट्यावर डोळा ठेवून हळू चालवतो. ही कामे किटशिवायही करता येतात.

अमेरिकेत स्टॅन्ली मेयर नावाच्या गृहस्थांनी पाण्यावर चालणारी बग्गी दाखवून गुंतवणूकदार गोळा केले होते. त्यांतील दोघे न्यायालयात गेले. तज्ज्ञांनी यंत्र तपासले तेव्हा त्यात नेहमीच्या विद्युत-अपघटनापलीकडे, म्हणजे विजेने पाणी फोडण्यापलीकडे, काहीही आढळले नाही, आणि 1996 मध्ये ओहायोच्या न्यायालयाने ही उघड फसवणूक असल्याचे सांगून 25,000 डॉलर परत करण्याचा आदेश दिला. मेयर 1998 मध्ये वारले आणि त्यानंतर ‘त्यांना संपवले’ ही दंतकथा जन्माला आली, जी अजून जिवंत आहे.

फसवणूक नसलेल्या कल्पनाही याच हिशेबात अडकू शकतात. दाबलेल्या हवेवर चालणारी मोटार आठवते का? गी नेग्र या फ्रेंच अभियंत्याच्या कंपनीशी टाटा मोटर्सने 2007 मध्ये करार केला होता. माणूस प्रामाणिक होता, यंत्र चालत होते. पण 300 लिटरच्या टाकीत 300 बार दाबाने हवा भरली, तरी त्यात साठणारी ऊर्जा सिद्धांतानेसुद्धा दीड लिटर पेट्रोलपेक्षा कमी भरते. पेट्रोलचे इंजिन त्यातील बरीचशी ऊर्जा वाया घालवते हे खरे आहे, परंतु प्रसरण पावताना गार पडणारी हवासुद्धा आपला वाटा वाया घालवतेच. ती मोटार बाजारात आली नाही.

तेव्हा दख्खनी यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, यंत्राकडे पाहूच नये. ऊर्जा त्यात शिरली कुठून, एवढेच विचारावे. शेणात, लाकडात, तेलबियांत ती सूर्यप्रकाशातून शिरलेली असते. पाण्यात ती नसते.

उंटावरचा शहाणा

कार्नो सरांचे गणित मान्य आहे, परंतु त्यातून निघणारा सूर मला पूर्णपणे मान्य नाही. प्राध्यापक मंडळी हिशेब मांडून कल्पना निकालात काढतात आणि नंतर तीच कल्पना परदेशातून आली की तिच्यावर परिषदा भरवतात, असे आपल्याकडे अनेकदा घडले आहे. पॅरिसच्या 1900 सालच्या प्रदर्शनात डिझेलचे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. मूळ इंजिन खनिज तेलासाठी बनवले होते आणि ते फारसा बदल न करता शेंगदाण्याच्या तेलावर चालले, असे खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनीच पुढे नमूद केले आहे. त्यानंतर स्वस्त खनिज तेल मुबलक मिळू लागले आणि तो धागा शंभर वर्षे अडगळीत पडला.

दुसरे उदाहरण घरचे आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेव्हा आपल्याकडे कोळशाच्या गॅसवर मोटारी चालत होत्या. माझे आजोबा सांगत की मोटारीच्या मागच्या बाजूला उभे पिंप असे, निघण्याआधी क्लीनर पंखा फिरवून भट्टी फुलवत असे, आणि घाट लागला की उतारूंना खाली उतरून चालावे लागे. ज्या काळात हे सारे रोजचे होते, त्या काळात त्याला कोणी चमत्कार म्हणत नव्हते. मग आज ते का नको?

कार्नो

शहाणे साहेब, पिल्लई यांचा दावा कोणी हिशेब मांडून निकालात काढला नव्हता, त्यांना प्रयोगशाळेत बोलावून संधी दिली होती, हे विसरू नये.

कोळशाच्या गॅसची गोष्ट मात्र आपण फार योग्य काढलीत, कारण ती माझ्या कसोटीला पूर्णपणे उतरते. कमी हवेत लाकूड किंवा कोळसा धुमसत ठेवला की कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण तयार होते व ते इंजिनात जळते. एकट्या जर्मनीत युद्धाच्या अखेरीस अशी सुमारे पाच लाख वाहने होती. परंतु एक लिटर पेट्रोलच्या जागी अडीच ते तीन किलो वाळलेले लाकूड लागते, इंजिनाची ताकद बरीच घटते (म्हणून तर आजोबांना घाट चढावा लागला), डांबराने झडपा चिकटतात, आणि बंद गॅरेजमध्ये गळती झाली तर माणूस दगावतो. पेट्रोल परत मिळू लागताच लोकांनी ही पिंपे काढून टाकली. ती कोणी दडपली नाहीत.

फलटणकर

मी शेतकरी आहे आणि माझी उसाची शेती आहे. वरची चर्चा ऊर्जा कुठून आली यावर चालली आहे. मला ती गोळा कोण करणार, यावर लिहायचे आहे, कारण माझ्या अनुभवात बहुतेक चांगल्या कल्पना तिथेच बसतात.

आमच्याकडे ऊस तुटून गेला की हेक्टरी आठ-दहा टन पाचट रानात पडते. बहुतेक जण ते पेटवून देतात. त्यात ऊर्जा आहे हे जळताना डोळ्यांना दिसते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने डॉ. अनिल राजवंशी यांच्या पुढाकाराने उसाच्या पाचटावर आणि बाजरीच्या सरमाडावर चालणारा गॅसिफायर विकसित केला होता. शहाणे साहेबांच्या आजोबांच्या भट्टीचेच हे पुढचे रूप, फक्त लाकडाऐवजी सुट्या पाचटावर चालणारे. त्याच संस्थेने गोड ज्वारीच्या रसापासून अल्कोहोल काढून त्यावर चालणारे कंदील आणि स्टोव्हही बनवले. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याची भट्टी तयार केली, आणि तिला 2002 मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. म्हणजे शोधाची उणीव नव्हती आणि तो शोध खोटाही नव्हता.

पण पाचट म्हणजे निव्वळ फुगवटा. ट्रॉली दाबून भरली तरी वजन भरत नाही, त्यामुळे भाडे मालापेक्षा जड होते. बेलर यंत्राने गठ्ठे बांधले तर वाहतूक परवडते, पण बेलर काही एका शेतकऱ्याला परवडत नाही. तोडणी संपल्यावर शेत रिकामे करून खोडव्याला पाणी द्यायची घाई असते, मजूर मिळत नाही, आणि काडेपेटी खिशातच असते. शिवाय आता कृषी विभाग सांगतो की पाचट कुजवा, जमिनीचा कर्ब वाढेल, आणि ते खरेच आहे. तेव्हा पाचट हा ‘कचरा’ आहे आणि तो फुकट मिळेल, असे गृहीत धरून ज्यांनी प्रकल्प आखले, त्यांचे गणित पहिल्याच हंगामात चुकते.

आता जत्रोफा, म्हणजे मोगली एरंड, याविषयी. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो की 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनावर अहवाल दिला आणि मोगली एरंडाला एकदम सुगीचे दिवस आले. पडीक जमीन, पाणी नको, खत नको, जनावर तोंड लावत नाही, आणि बियांत तीस-पस्तीस टक्के तेल, असे वर्णन होते. 2009 च्या राष्ट्रीय धोरणाने तर 2017 पर्यंत जैवइंधनाचे वीस टक्के मिश्रण करण्याचे उद्दिष्ट ठेवले. आमच्या भागात एका रोपवाटिकेच्या माणसांनी गावोगाव बैठका घेऊन बी परत विकत घेण्याची लेखी हमी देत रोपे विकली. माझ्या वडिलांनी माळावर एकराच्या आसपास लावली. झाडे जगली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. पण ‘पाणी नको’ याचा अर्थ झाड मरत नाही एवढाच होता. पाणी नाही तर बीही नाही. फळे एकदम पिकत नाहीत, त्यामुळे तोडणीला पुन्हा पुन्हा माणूस लावावा लागतो. हमी देणारे कार्यालय तोपर्यंत बंद झाले होते. ब्रिटिश कंपन्यांचेही यापेक्षा वेगळे झाले नाही. बीपी या तेल कंपनीने 2007 मध्ये जत्रोफासाठी डी-वन ऑइल्सशी भागीदारी केली आणि 2009 मध्ये ती अंगाबाहेर टाकली. ज्यांच्याकडे पैसा आणि शास्त्रज्ञ दोन्ही होते, त्यांनी दोन वर्षांत हात झटकले. आमच्या माळावरची झाडे काढायला त्याहून जास्त वेळ लागला.

गोवरी

फलटणकर दादांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी बायोगॅसच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे धाग्याच्या शीर्षकातल्या शेणाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण विचित्र कल्पना व्यवहारात कशी उतरते याचे याहून चांगले उदाहरण आपल्याकडे नाही, आणि त्यातला बराच भाग महाराष्ट्रात घडलेला आहे.

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत, म्हणजे आज वडाळ्याला जे ॲकवर्थ रुग्णालय आहे तिथे, 1897 मध्ये मैल्याच्या टाक्यांतून निघणारा वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवले जात होते. जगातल्या अगदी आरंभीच्या प्रयोगांत याची गणना होते. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत 1930 च्या दशकाच्या अखेरीस शेणावर पद्धतशीर प्रयोग झाले, आणि जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टोपाचे संयंत्र तयार केले, ज्याचा खादी ग्रामोद्योग आयोगाने 1960 च्या दशकात देशभर प्रसार केला. ज्यांच्या आजोळी गोबरगॅस होता, त्यांना वरखाली होणारा तो काळा टोप आठवत असेल. गॅस साठला की तो वर येई, आणि वहिनीला स्वयंपाकघरातून बाहेर डोकावून कळे की संध्याकाळची आमटी होईल की नाही.

तो टोप गंजत असे. बायोगॅसमध्ये थोडा हायड्रोजन सल्फाईड असतो, तो लोखंड खातो. दर एक-दोन वर्षांनी रंग दिला नाही तर टोपाला भोके पडत. म्हणून 1984 मध्ये ‘दीनबंधू’ हा विटांचा घुमट असलेला, कोणताही हलता भाग नसलेला स्वस्त नमुना आला. बघा, मूळ शोध होऊन ऐंशीहून अधिक वर्षे झाली होती आणि अडचण होती गंजाची.

दुसरी अडचण जनावरांची होती. ताज्या शेणाच्या पंचवीस किलोपासून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो, आणि तो अर्ध्या किलोपेक्षा थोड्या कमी एलपीजीचे काम करतो. पाच माणसांच्या स्वयंपाकासाठी किमान तीन-चार जनावरे दावणीला हवीत. ट्रॅक्टर आला, बैल गेले, आणि गोठ्याबरोबर गोबरगॅसही गेला. ज्या गावांत ही संयंत्रे आज कोंबड्यांची खुराडी झाली आहेत, तिथे तंत्रज्ञान फसले असे म्हणणे चुकीचे आहे. त्याचे खाद्य संपले.

इथे दोन माणसांचा उल्लेख करायलाच हवा. देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1960 च्या सुमारास आलेले डॉ. सुहास मापुसकर यांनी संडासाला जोडलेला बायोगॅस गावकऱ्यांच्या गळी उतरवला. संतांच्या गावात मैल्याच्या गॅसवर चूल पेटवायला लोकांना राजी करणे हे कोणत्याही यंत्रापेक्षा अवघड काम होते आणि त्यात त्यांची दशके गेली. त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. दुसरे डॉ. आनंद कर्वे. त्यांचा विचार असा की शेण हे जनावराने आधीच पचवलेले अन्न आहे, त्यातली बरीचशी ऊर्जा गाईने काढून घेतलेली असते. मग जिवाणूंना थेट खरकटे, खराब पीठ, सडकी फळे का देऊ नयेत? किलोमागे कित्येक पट गॅस मिळतो आणि तोही लवकर. दोन प्लास्टिकच्या टाक्या एकमेकींत बसवून केलेल्या त्यांच्या छोट्या संयंत्राला 2006 चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे मोठ्या प्रमाणावरचे संयंत्र उभे केले, त्यात ओला कचरा आधी गरम पाण्यात आणि हवेवर कुजवून मग बंद टाकीत जातो.

उत्तरायण

मी स्वीडनमध्ये राहतो. इथल्या लिन्शॉपिंग शहराच्या बस बायोगॅसवर चालतात, आणि 2005 मध्ये तिथून व्हेस्टरविकपर्यंत बायोगॅसवर धावणारी रेल्वेही सुरू केली होती. बातम्या रेल्वेच्या आल्या, पण खरे काम बसनी केले. कच्चा माल मुख्यतः कत्तलखान्याचा कचरा आणि खरकटे.

हे यश शास्त्रज्ञांचे जेवढे आहे, त्याहून अधिक करांचे आहे, असे माझे मत आहे. स्वीडनने 1991 मध्येच कार्बन कर लावला, त्यामुळे डिझेल महाग झाले आणि बायोगॅस त्यातून सुटला. मग 2005 पासून जैविक कचरा जमिनीत पुरण्यावर बंदी आली, म्हणजे कत्तलखान्याला कचरा कुणाला तरी पैसे देऊन न्यायला सांगणे भाग पडले. इथे कच्चा माल विकत घ्यावा लागत नाही, उलट तो घेण्याचे पैसे मिळतात. फलटणकर यांचे पाचट घेऊन जाण्यासाठी असे कोणी पैसे देत नाही, हा सगळा फरक आहे.

युद्धकाळात इथल्याही बहुसंख्य मोटारी लाकडाच्या गॅसवर चालत होत्या. कार्नो म्हणतात तसेच, शांतता झाली आणि त्या नाहीशा झाल्या.

हजेरीपट

मी एका नगरपालिकेच्या घनकचरा विभागातून निवृत्त झालो. उत्तरायण यांनी कर सांगितला, मी पिशवी सांगतो. आमच्या शहरात बायोगॅसचे संयंत्र समारंभाने सुरू झाले आणि वर्षाच्या आत बंद पडले, कारण ओल्या कचऱ्यात प्लास्टिकच्या पिशव्या, दोरे, चमचे आणि एकदा तर आख्खी उशी येत होती. पंप अडकायचा, मिक्सरची पाती तुटायची, दुरुस्तीच्या निविदा निघेपर्यंत टाकीतले जिवाणू मरायचे. संयंत्र बनवणाऱ्याला मी दोष देत नाही.

इंदूरला फेब्रुवारी 2022 मध्ये रोज 550 टन ओला कचरा घेऊन सुमारे 17 टन शुद्ध केलेला गॅस देण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. लोक त्या प्रकल्पाचे यंत्र पाहायला जातात. पाहायला हवे ते घरोघरी कचरा वेगळा करून घेणारी गाडी आणि तिच्यावरचा माणूस, जे आधीची काही वर्षे राबत होते.

प्लास्टिकपासून तेल काढण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. ही गोष्ट खरी आहे. हवा बंद करून 400 अंशांच्या आसपास तापवले की पिशव्यांचे पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन मोडून तेल मिळते, पुण्यातही असे काम झाले आहे. ते तेल बॉयलर आणि जनरेटरला चालते. पण त्यात पीव्हीसी आले तर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन यंत्रच खाते, आणि पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक यासाठी कुचकामी आहे. म्हणजे पुन्हा वर्गीकरणच. शिवाय ते शेवटी खनिज तेलच आहे, पिशवीचा मुक्काम करून आलेले.

मीठभाकर

एक छोटा प्रश्न आहे. वडापावच्या गाडीवर जे तळणीचे तेल उरते, त्याचे बायोडिझेल होते असे ऐकले आहे. घरी करता येईल का?

कार्नो

होते. मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून तेलाचे रूपांतर करतात, खाली ग्लिसरीन बसते. घरी कृपया करू नये; मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने ती वाढतात) मर्यादा 25 टक्के ठरवली आणि त्यापुढचे तेल बायोडिझेलसाठी गोळा करण्याची योजना आणली. मोठी हॉटेले ते देतात. गाडीवाल्याचे तेल मात्र बहुतेक वेळा त्याहून लहान गाडीवाला विकत घेतो, आणि तो बायोडिझेलपेक्षा चांगला भाव देतो.

ताळेबंद

मी प्रकल्पांच्या कर्जाचे मूल्यांकन करण्याचे काम केले आहे. वर सर्वांनी जे लिहिले, त्याला आकड्यांची जोड देतो.

पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा प्रकल्प ऑगस्ट 2022 मध्ये सुरू झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे, खर्च नऊशे कोटींच्या वर, वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल अशी आखणी. भागाकार केला तर टनामागे दीडशे लिटर येते, आणि हे तंत्र म्हणून उत्तम आहे. पण पेंढा वर्षातून काही आठवडेच उपलब्ध असतो. तेवढ्यात तो उचलून, गठ्ठे बांधून, आगीपासून आणि पावसापासून वर्षभर सांभाळायचा असतो. बँकेच्या दृष्टीने हा इथेनॉलचा कारखाना नसून पेंढ्याचे गोदाम आहे, ज्याच्या एका कोपऱ्यात इथेनॉल बनते.

उसाच्या इथेनॉलने मात्र बाजी मारली. देशात 2014 मध्ये पेट्रोलमधील मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होते, ते 2025 मध्ये वीस टक्क्यांवर गेले, जरी अलीकडे त्यात धान्याच्या इथेनॉलचा वाटा उसापेक्षा मोठा झाला आहे. उसाच्या यशाचे कारण उघड आहे. मोलॅसिस, म्हणजे साखर काढल्यावर उरणारी मळी, कारखान्याच्या आवारातच तयार होते, गोळा करावे लागत नाही, डिस्टिलरी शेजारी असते, आणि खरेदीचा भाव सरकार ठरवते. तरीही डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडण्याची चिन्हे दिसताच उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंधने आली, आणि ज्यांनी कर्ज काढून क्षमता वाढवली होती त्यांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. उसाला लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न वेगळा, त्यावर स्वतंत्र धागा काढावा लागेल. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, हेही ग्राहकाला ठळकपणे सांगितले जात नाही.

याउलट केंद्र सरकारच्या ‘सतत’ योजनेत ऑक्टोबर 2018 मध्ये पाच हजार बायोगॅस प्रकल्प टप्प्याटप्प्याने उभे करण्याचे जाहीर झाले. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही कोणी पोहोचले नाही. शेवाळाचे तेलही असेच. अमेरिकी सरकारने 1978 ते 1996 संशोधन करून ते फार महाग पडते म्हणून सोडले, एक्झॉनमोबिलने 2009 मध्ये साठ कोटी डॉलरपर्यंत खर्चाची तयारी दाखवून पुन्हा हाती घेतले, आणि 2023 मध्ये तेही थांबले. शेवाळात तेल असते याविषयी कोणाला शंका नव्हती. त्याला पाण्यातून बाहेर काढून सुकवण्याचाच खर्च परवडत नव्हता.

उंटावरचा शहाणा

ताळेबंद यांचे म्हणणे वाचून मला एक सुचते. खनिज तेलालासुद्धा पहिली अनेक वर्षे युद्धांनी, सरकारांनी आणि करसवलतींनी हात दिला होता. मग पाचटाला आणि पेंढ्याला पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पायावर उभे राहायला का सांगावे? पाण्यावरच्या गाडीची बाजू मी सोडतो. परंतु जे ऊर्जेच्या हिशेबात बसते आणि केवळ गोळा करण्यात अडते, त्याला ‘अव्यवहार्य’ म्हणणे मला पटत नाही. रस्ता आणि बेलर या गोष्टी निसर्गनियम नाहीत.

फलटणकर

शहाणे साहेब, हे मात्र शंभर टक्के मान्य. आमच्या कारखान्याने तोडणीच्या टोळीबरोबर बेलर पाठवला, तर काडेपेटी मी स्वतः बंधाऱ्यात टाकतो. पण निम्मे पाचट रानात कुजायला ठेवून उरलेलेच न्यावे, ही अट आधी लिहून घेईन.

सचिव_क विंग

मी आतापर्यंत फक्त वाचत होतो. आमच्या 120 सदनिकांच्या सोसायटीपुढे बायोगॅस संयंत्राचा प्रस्ताव आला आहे. विक्रेता म्हणतो की सर्व घरांना गॅस पुरेल. गोवरी ताई, हे शक्य आहे का?

गोवरी

नाही. घरटी अर्धा किलो ओला कचरा धरला तर रोज 60 किलो होतो. त्यातून सुमारे सहा घनमीटर गॅस निघेल, म्हणजे रोज पावणेतीन किलोच्या आत-बाहेर एलपीजीइतका. घरगुती सिलिंडर 14.2 किलोचा असतो. तेव्हा तुम्हाला पाच-सहा दिवसांनी एक सिलिंडर मिळेल, 120 घरांत मिळून. घरोघरी नळी टाकण्याच्या फंदात पडू नका. एकाच ठिकाणी वापर ठेवा, उदाहरणार्थ रखवालदारांचा स्वयंपाक किंवा सभागृहातील पाणी तापवणे.

विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा. हायड्रोजन सल्फाईड गाळण्याची सोय आहे का आणि गाळणी किती महिन्यांनी बदलायची, रोज निघणारी स्लरी, म्हणजे टाकीतला पातळ गाळ, कुठे जाणार (तिला वास येतो आणि तळमजल्यावरचे सभासद सर्वसाधारण सभेत तोच विषय काढतील), आणि थंडीत गॅस किती घटतो. लिंबाच्या साली, कांद्याची टरफले, अंड्याची कवचे आणि हाडे टाकीत घालू नका. आणि करार करण्याआधी हे ठरवा की दिवाळीत सफाई कामगार आठ दिवस गावी गेला, तर कचरा वेगळा करून टाकीत कोण घालणार. त्या माणसाचे नाव कागदावर लिहिता आले, तर प्रस्ताव मंजूर करायला हरकत नाही.